मागचे पुसू नका!

गेल्या दिवाळीत, ऐन पाडव्याच्या दिवशी, माझा सख्खा पुतण्या माझ्या घरचा फराळ अर्धा टाकून उठला. आमचा वाद जमिनीचा नव्हता, वाटणीचा नव्हता, राजकारणाचा तर मुळीच नव्हता. वाद होता पंच्याऐंशी मिलिमीटरचा.

झाले ते असे. माझी भाची नोकरीला लागली, तिला पहिला बोनस मिळाला आणि त्यातून तिला कॅमेऱ्यासाठी एक चांगली लेन्स घ्यावयाची होती. कॅमेरा तिच्याजवळ होता. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची साधी लेन्सही होती. पुतण्या लग्नाचे फोटो काढतो आणि त्या धंद्यात त्याचे नाव आहे, म्हणून तिने त्याला विचारले. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "८५ घे, एफ १.८ची. डोळे मिटून घे. मागचे सगळे कसे क्रीमी होऊन जाते."

मला राहवले नाही. मी म्हणालो, "डोळे मिटूनच घ्यायची असेल तर कॅमेरा तरी कशाला हवा? आणि क्रीम केकवर शोभते, घरावर नाही."

तो म्हणाला, "काका, तुमचा जमाना गेला."

वाचकहो, माझा जमाना गेला हे मला मान्य आहे. परंतु तो कसा गेला आणि जाताना माझ्याच हातातल्या लेन्सने त्याला कसे पुसून टाकले, हे सांगितल्यावाचून मी या भाचीला गप्प बसून ८५ घेऊ देणार नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी दुकानातली गोष्ट. लेन्स घ्यावयास गेलेल्या माणसाला काउंटरमागचा मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "सर, तुमची स्टाइल काय?" आणि उत्तराची वाट न पाहता कप्पेही तोच सांगतो. पोर्ट्रेट असेल तर ८५. निसर्गदृश्य असेल तर १६-३५. रस्त्यावरचे फोटो काढता? मग ३५. पक्षी, वाघ? मग १५०-६००. लग्न? मग ७०-२००, आणि खिसा बराच मोठा हवा. जणू माणसाची नजर म्हणजे वाण्याच्या दुकानातले डबे. एकात तूरडाळ, एकात मूग, आणि डाळीच्या डब्यात मूग पडला तर अनर्थ!

मी म्हणतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. शैली म्हणजे विषय नव्हे. एकाच आजीचा फोटो दोघांनी काढला तर विषय एकच असतो, तरी फोटो दोन होतात. फरक कुठे पडतो? दोघे उभे कुठे राहिले, येथे पडतो. तुम्ही ज्यांचे फोटो काढता त्यांच्यापासून किती अंतरावर उभे राहता, आणि त्यांच्या भोवतीचे काय आत घेता व काय टाकता, ती तुमची शैली. लेन्स निवडणे म्हणजे हे अंतर निवडणे. बाकीचे पुष्कळसे दुकानदाराचे गणित.

आता मी जन्मभर भूमापन खात्यात साखळ्या आणि टेप ओढलेला माणूस आहे. अंतर म्हटले की मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा हा हिशेब पाहा. कॅमेऱ्यातली पाटी ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात ती धरा. कॅमेरा उभा धरून एका मध्यम उंचीच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी जागा सोडून, फोटोत बसवावयाचे आहे. ३५ची लेन्स असेल तर तुम्हाला त्याच्यापासून सुमारे पावणेसहा फुटांवर उभे राहावे लागेल. ५०ची असेल तर सव्वाआठ फुटांवर. ८५ची असेल तर चौदा फुटांवर. आणि २००ची असेल तर तेहतीस फुटांवर! पावणेसहा फुटांवरून माणसाशी बोलता येते, त्याला हसवता येते, त्याच्या हातचा लाडू घेता येतो. तेहतीस फुटांवरून फक्त हाका मारता येतात.

आणि भाचीचा कॅमेरा तर लहान पाटीचा, ज्यात प्रत्येक आकड्याला दीडने गुणावे लागते. तिने ८५ लावली की ती वागणार १२८च्या आसपासच्या लेन्ससारखी, आणि उभ्या माणसासाठी मागे सरावे लागणार एकवीस फूट. तिचे घर कोथरूडला, बैठकीची खोली दहा बाय बारा. म्हणजे भाऊबिजेला भावाला ओवाळतानाचा पुरा फोटो काढावयाचा तर या मुलीने जिन्यात उतरून उभे राहावे, की शेजाऱ्यांची भिंत पाडावी? पुतण्याला मी हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "पूर्ण माणूस घ्यायचाच कशाला? चेहरा घ्यायचा." हे त्याचे उत्तर वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा. "वाइड लेन्सने चेहरा वाकडा येतो. नाक बटाट्यासारखे दिसते." हा आरोप इतक्या वर्षांत इतक्यांनी केला आहे की बिचारी लेन्स फासावर जायचीच बाकी आहे. पण गुन्हेगार ती नव्हे. नाक मोठे दिसते ते जवळ गेल्यामुळे. हातभर अंतरावरून पाहिले तर नाकापेक्षा कान कितीतरी दूर असतात, म्हणून नाक फुगते. सहा फुटांवरून पाहिले तर नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो, आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. मग लेन्स २४ असो की ८५. एकाच जागी उभे राहून दोन लेन्सनी फोटो काढा, आणि २४च्या फोटोतला मधला तुकडा कापून मोठा करा. चेहऱ्याची ठेवण दोन्हीत सारखीच येईल. वस्तूंचे लहानमोठेपण अंतर ठरवते. लेन्स फक्त चौकट किती मोठी ते ठरवते. म्हणजे ३५ने नाक बिघडते असे म्हणणारा मनुष्य वास्तविक एवढेच कबूल करीत असतो, की किती जवळ जावे हे त्याला कळत नाही.

आता मुख्य आरोपीकडे वळतो. मागचे धूसर करण्याची ही जी साथ आली आहे, तिला इंग्रजीत 'बोके' म्हणतात. शब्द जपानी, एका अमेरिकन मासिकाने १९९७ साली तो इंग्रजीत रूढ केला. जपानीत त्याचा अर्थ धूसरपणा. आणि गंमत अशी की, त्याच उच्चाराच्या शब्दाचा तिथे दुसरा अर्थ आहे म्हातारपणी माणसाला भूल पडणे, आठवण जाणे. मला हा दुसरा अर्थच अधिक चपखल वाटतो. आता तर लेन्सचीही गरज उरलेली नाही. २०१६पासून मोबाइल फोनसुद्धा आपल्या अकलेने माणसाचा आकार ओळखून त्याच्या मागचे घर, झाड, माणसे पुसून देऊ लागले. ज्या फोनची मुख्य लेन्स २४-२६च्या तोडीची, म्हणजे सगळे काही सामावून घेणारी, तिच्याकडूनही आपण पुसण्याचे काम करवून घेतो!

मोठ्या छिद्राच्या लेन्स मुळात कशासाठी झाल्या? धूसर करण्यासाठी नव्हे, अंधारासाठी. स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्ये खऱ्या मेणबत्त्यांवर घेतली, तेव्हा त्याने मुळात नासासाठी तयार झालेली झाइसची ५०ची, एफ ०.७ची लेन्स वापरली. फोकस इतका पातळ, की नटांना जागचे हलण्याची चोरी. त्याने ते सोसले, कारण उजेड नव्हता. आज भाचीच्या कॅमेऱ्यात आयएसओ ३२०० काय, ६४०० काय, सहज चालतो. दहा पणत्या आणि एक आकाशकंदील असला तरी एफ ४वर फोटो निघतो. गरज संपली, पण सवय उरली आणि सवयीची फॅशन झाली. पायाला लागले म्हणून घेतलेली काठी पाय बरा झाल्यावरही मिरवावी, तशातला हा प्रकार!

आणि मागचे स्पष्ट ठेवून काय साधते, तेही पाहा. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (१९४१)मध्ये एक दृश्य आहे. घरात टेबलाशी बसून आई आपल्या मुलाला परक्याच्या हवाली करण्याच्या कागदावर सही करते आहे. आणि तिच्या मागे, खिडकीपलीकडे, दूर बर्फात तो मुलगा खेळतो आहे. त्याला काहीच ठाऊक नाही. छायाचित्रकार ग्रेग टोलंडने आई आणि मुलगा दोघेही लख्ख दिसतील असे ते टिपले. खिडकी धूसर केली असती तर उरले काय असते? सही करणारी एक बाई!

हांरी कार्तिए-ब्रेसाँने जन्माचे बहुतेक काम लायकावर ५०ची एकच लेन्स लावून केले. गांधीजींच्या अखेरच्या दिवशी, ३० जानेवारी १९४८ला, तो त्यांना भेटून गेला होता. हत्येनंतरची दिल्लीतली माणसे आणि अंत्ययात्रा त्याने टिपली, ती गर्दीसकट. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाय व्यारावाला यांच्या हातातला रोलीफ्लेक्स तर एकाच, न बदलणाऱ्या लेन्सचा. पाहिजे तेवढे जवळ जायचे तर पायांनी जायचे. बोटाने झूम फिरवण्याची सोयच नव्हती. झूम लेन्स वाईट असते असे मी म्हणत नाही. पण ती हातात आली की पाय जमिनीत रुततात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

तो अनुभव आता सांगतो. २०१३ साली मी निवृत्तीच्या जवळ आलो होतो, हाती पैसे होते, आणि हौस होती. मी पुण्याला गेलो आणि एक ८५ आणि एक ७०-२०० अशा दोन लेन्स घेऊन आलो. पुतण्या तेव्हा हे शिकत होता. माझ्याच लेन्सवर तो शिकला. २०१४च्या दिवाळीत आम्ही सगळे वाईला गंगापुरीतल्या आमच्या वाड्यात जमलो. आई एकोणऐंशी वर्षांची. पहाटे तुळशीवृंदावनापुढे ती रांगोळी काढीत बसली होती, ऊन नुकते ओसरीवर आले होते. मी साडेसहा फुटांवर बसून ८५ने, एफ १.८वर, तिचा फोटो काढला. चेहरा असा आला की पाहणारा थबकतो. एकेक सुरकुती, कपाळावरचे कुंकू, पापण्यांचे केस. त्या अंतरावर त्या छिद्राने स्पष्ट काय राहते? पुढून मागे जेमतेम सहा सेंटिमीटर! म्हणजे डोळे आले, कान गेले. चिमटीतून सुटणारी रांगोळी गेली. वृंदावन गेले. ओसरी, खांब, झोपाळा सगळे मिळून एक पिवळसर लापशी झाली. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. त्या दिवाळीत मी असे दोनशेवर फोटो काढले.

पुढल्या वर्षी आई गेली. २०१६ साली वाडा विकला, पाडला. आज तिथे चार मजली इमारत आहे.

तो फोटो मोठा करून आमच्या भिंतीवर लावला आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या नातीने तो पाहून विचारले, "आजोबा, पणजी कुठे बसलीये? स्टुडिओत?"

मी तिला वाडा दाखवावा म्हणून त्या दिवाळीचे सगळे फोटो काढून बसलो. दोनशेंमध्ये वाडा नव्हता! माणसे होती, चेहरे होते, दात होते. घर एकाही फोटोत नव्हते. जन्मभर लोकांच्या घरांच्या हद्दी मोजल्या आणि स्वतःचे घर दोन लेन्सच्या मोहात पुसून टाकले. दुकानदाराने लेन्स खोटी दिली नव्हती. त्याने विचारले, "स्टाइल काय?" आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "पोर्ट्रेट." दोष माझा होता, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याचा अधिकारही माझा आहे.

मग त्या मुलीला मी एक जुना फोटो दाखवला. १९६८ची दिवाळी, तोच वाडा, तेच वृंदावन, तीच आई, रांगोळी काढताना. वडिलांचा अॅग्फा क्लिक थ्री. डब्यासारखा कॅमेरा, लेन्स एकच, ती काढता येत नसे की बदलता येत नसे. एका रोलमध्ये बारा फोटो. वडील दहा-बारा फुटांवर उभे राहिले आणि खटका दाबला. आईचा चेहरा त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा. पण ओसरीचे खांब मोजून घ्यावेत. झोपाळ्याच्या कड्या दिसतात. पायरीवर आजोबांचे जोडे आहेत. स्वयंपाकघराच्या दारात धाकटी आत्या पदराने हसू दाबते आहे. आणि खांबाला टेकून, चड्डीची नाडी हातात धरून, रडवेल्या तोंडाने उभा आहे तो माझा धाकटा भाऊ. मी त्या फोटोत नाही. मी वडिलांच्या शेजारी उभा राहून बारांतले किती उरले ते मोजत होतो.

या फोटोपुढे नात अर्धा तास बसली. एकेक वस्तू दाखवून "हे काय?" विचारीत राहिली. माझ्या कौतुकाच्या फोटोने तिच्याकडून एकच प्रश्न काढला होता, आणि त्याला मला उत्तर देता आले नव्हते.

विरोधी पक्षाला न्याय द्यावयास हवा, म्हणून हेही सांगतो. ताडोबात वाघ पाहावयास गेलात, तर जिप्सीतून खाली उतरता येत नाही आणि उतरूही नये. तिथे ४०० काय, ६०० काय, जी झेपेल ती लेन्स लावा. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित उतरतात, त्यांना उडवून लावण्यापेक्षा लांब लेन्स शंभरदा बरी. दिवे घाटाची वळणे चढणारी माउलींची पालखी समोरच्या डोंगरावरून टिपावयाची, तर टेलीच हवी. तिथे ती सगळी वारी एकावर एक रचून दाखवते, काही पुसत नाही. जिथे अंतर राखणे हाच धर्म आहे, तिथे अंतराची लेन्स. आक्षेप आहे तो वाघासाठीचे अंतर आईसाठी वापरण्याला.

तेव्हा भाचीला माझा सल्ला असा. आणि ज्यांच्या घरी यंदा बोनसची चर्चा चालू आहे त्या सर्वांनाही. दोन महिने नवीन काहीही घेऊ नका. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मोजपट्टी म्हणून वापरा. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद असते. ती उघडून पाहा. तुमचे बहुतेक फोटो कोणत्या आकड्याभोवती गोळा होतात, ते दिसेल. मग ज्या खोल्यांत, ज्या अंगणात, ज्या माणसांत तुम्ही राहता, तिथे टेप धरून मोजा. बहुतेक घरांत उत्तर ३५च्या आसपास येईल. लहान पाटीच्या कॅमेऱ्यावर २३ किंवा २४. त्या लेन्सचे छिद्र लहान असले तरी बिघडत नाही. फुल फ्रेमवर ३५ने दहा फुटांवर फोकस करून एफ ८ ठेवले, तर सुमारे सहा फुटांपासून चोवीस फुटांपर्यंत सगळे स्पष्ट येते. म्हणजे पुढे ओवाळणारी बहीण, मागे देवघर, आणि त्याच्याही मागे दारातून डोकावणारे शेजारचे पोर. लहान पाटीवर २३ने तर त्याहूनही पुष्कळ अधिक. धूसर करावेसे वाटले तर तेवढ्यापुरते छिद्र उघडा. पण ती मिठाची चिमूट असावी, ताटातली भाजी नव्हे.

आता पुतण्याचे राहिलेले उत्तर. "पूर्ण माणूस घ्यायचाच कशाला? चेहरा घ्यायचा," असे तो पाडव्याला म्हणाला होता. यंदा फेब्रुवारीत त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या त्या धाकट्या भावाची, साठी झाली. समारंभात लावण्यासाठी लहानपणचा फोटो हवा होता. घरात शोधशोध झाली. दुसरा एकही नव्हता. पुतण्याचा मला फोन आला. भांडणानंतरचा पहिलाच. म्हणाला, "काका, तो आजीचा रांगोळीचा फोटो आहे ना, मागे बाबा उभे आहेत तो... स्कॅन करून पाठवाल?"

मी पाठवला. सोबत एवढेच लिहिले, की मागे उभ्या असलेल्याला सांभाळून वापर. आजोबांकडे ८५ असती तर तो क्रीमी झाला असता.

त्याने अजून उत्तर दिलेले नाही. यंदाच्या पाडव्याला तो फराळाला येणार आहे असे कळते. भाचीही येणार आहे, नवी लेन्स घेऊन. कोणती घेतली ते ती सांगत नाही. चकल्या भरपूर केल्या आहेत. वाद पुढे चालू.